सायकलला इंजिन बसले, कसबाला दाखला कधी?

कारंजा (घाडगे) म्हटले की संत्र्याच्या बागा आणि नागपूर-अमरावती महामार्ग डोळ्यांपुढे येतो. बाग आली की फवारणी आली आणि फवारणी आली की पाठीवरचा पेट्रोलपंप आला. हंगाम सरला की हा पंप कोपऱ्यात पडून राहतो. बाजूला जुनी सायकल उभी असते. घरात खटपट्या पोरगा असला की या दोन वस्तूंची गाठ पडायला वेळ लागत नाही. मोटारसायकल घेण्याची ऐपत नसते, कामाचे ठिकाण दूर असते. मग सायकललाच इंजिन बसते. लोक 'जुगाड' म्हणून हसतात. आम्ही हसणार नाही.

कारण हा पोरखेळ नाही. अशा पंपाचे इंजिन मिनिटाला सहा-सात हजार फेरे घेते. ताशी 25 किलोमीटर वेगाने धावणाऱ्या 28 इंची सायकलचे चाक मात्र मिनिटाला जेमतेम 190 फेरे घेते. म्हणजे गती तीसपटीहून अधिक उतरवावी लागते. त्यासाठी लहान-मोठी स्प्रॉकेट, चेन आणि इंजिनचा वेग वाढल्यावरच पकड घेणारा क्लच जुळवावा लागतो. हे गणित ज्याने हाताने सोडवले, तो दहावी नापास असला म्हणून अडाणी कसा ठरतो?

1946 साली जपानमध्ये सोइचिरो होंडा यांनी हेच केले. लष्कराच्या वायरलेस संचांसाठी बनवलेली छोटी इंजिने त्यांनी सायकलींना बसवली. पहिल्या नमुन्याला पेट्रोलची टाकी म्हणून अंथरूण गरम करायचे पाण्याचे भांडे लावले होते! हा लोहाराचा मुलगा. 1948 साली त्याने कंपनी काढली आणि पुढचा इतिहास रस्त्यारस्त्यावर धावतो आहे.

आणि आपल्याकडे? शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगीच्या शेख इस्माईल या आठवीपर्यंत शिकलेल्या तरुणाने घरीच हेलिकॉप्टर बांधले. ऑगस्ट 2021 मध्ये चाचणीच्या वेळी पाते तुटून डोक्याला लागले आणि तो गेला. बुद्धी होती, जिद्द होती. नव्हता तो जाणकार माणूस, जो पाते तपासून 'थांब' म्हणाला असता.

सायकलच्या बाबतीतही हाच धोका आहे. मोटार वाहन कायदा 1988 नुसार चारपेक्षा कमी चाकांच्या आणि 25 सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या वाहनाला 'मोटार वाहन' मानले जात नाही. त्यापुढे इंजिन गेले की नोंदणी, परवाना, विमा सारे आले. फवारणीच्या पंपांत काही इंजिने या मर्यादेच्या आतली, तर काही बाहेरची असतात. म्हणून इंजिनावरचा आकडा आधी वाचा! आणि आकडा मर्यादेत असला तरी ब्रेक सायकलचेच आहेत, हे विसरू नका. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागते. ट्रक धावणाऱ्या महामार्गावर रबरी गुटक्यांच्या भरवशावर जाणे म्हणजे शौर्य नव्हे. जिथे विमा नाही, तिथे अपघातानंतर घरच्यांच्या हाती काय उरणार?

या देशात हजारो वर्षे पोथी एकाच्या हातात आणि हातोडा दुसऱ्याच्या हातात ठेवला गेला. हातोडावाल्याला शहाणपण नसते, असे शिकवले गेले. बाबासाहेबांनी 1942 साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात विज्ञान-तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, त्या ही भिंत पाडण्यासाठीच! आज ती भिंत प्रमाणपत्राच्या रूपाने उभी आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. वर्ध्यात महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. तालुक्या-तालुक्यांत औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. त्यांनी महिन्यातून एक दिवस अशा पोरांसाठी कार्यशाळा उघडी ठेवावी. ब्रेक, वेल्डिंग, चेन तपासून द्यावी. अंगच्या कसबाची परीक्षा घेऊन दाखला देण्याची तरतूद 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत केलेली आहे. ती गावापर्यंत कोण आणणार? आमच्या कार्यकर्त्यांनी जयंतीच्या वर्गणीतून गावात एक पान्यांची पेटी आणि दोन हेल्मेट घेतली, तरी सुरुवात होईल.

त्या पोराला टाळ्या नकोत. त्याला चांगला ब्रेक हवा, शिकवणारा हवा आणि नावाचा दाखला हवा.