अंघोळीला पासवर्ड

गेले दोन आठवडे ऑफिसातला एक मित्र मागे लागलाय. "तू अंबडच्या घरी गीझर स्मार्ट केलायस ना? मलाही गावाकडे आईबाबांसाठी करायचंय. कंट्रोलर कुठला घेऊ, हब कुठला?" कॅन्टीनमध्ये उभ्याउभ्या देण्यासारखं हे उत्तर नाही, म्हणून हा शनिवार त्यात घालवतोय. छोटं उत्तर : घेऊ नकोस. मोठं उत्तर खाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अंबड हे जालना जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मत्स्योदरी देवीचा डोंगर, आजूबाजूला कापूस, तूर, मोसंबी. थंड देशांत 'हीटिंग' म्हणजे अख्खं घर गरम ठेवणं. आमच्याकडे घर एप्रिल-मे महिन्यात फुकटात तापतं, नको तेवढं तापतं. आमचं हीटिंग म्हणजे अंघोळीचं पाणी. बस्स.

तर दोन वर्षांपूर्वी मला काळजीचा झटका आला. अण्णांनी सत्तरी ओलांडलेली, आईचे गुडघे दुखतात, मी पुण्यात. गीझर चालू राहिला तर? बिल येईल, काही झालं तर? मी एक वायफाय रिले आणला, वायरमनकडून स्विचबोर्डाच्या आत बसवून घेतला. त्यासाठी घरी नेट घेतलं. आणि सगळ्यात थोर काम म्हणजे भिंतीवरचं जुनं बटन काढून टाकायला लावलं. चुकून कुणी दाबलं तर शेड्यूल बिघडायला नको! रोज पहाटे साडेपाचला गीझर सुरू, सहाला बंद. कंट्रोल माझ्या फोनवर. आईचा साधा फोन, अण्णांना अ‍ॅप नको होतं. मी खूश.

मग आली २०२५ ची दिवाळी. २० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी. आम्ही सगळे अंबडला. रात्री लाईट गेली, पहाटे आली, पण नेट काही आलं नाही. शेड्यूल होतं कंपनीच्या सर्व्हरवर, रिलेला बिचाऱ्याला किती वाजले हेही माहीत नाही. पोरं उटणं लावून कुडकुडतायत आणि मी बाथरूमच्या दारात फोन हातात धरून गोल फिरणारं चक्र बघतोय. तेल लावलेल्या बोटांनी टचस्क्रीनही धड चालत नाही, हे ज्ञान तेव्हा झालं.

अण्णा काही बोलले नाहीत. मागच्या अंगणात गेले. दहा मिनिटांत पऱ्हाट्यांचा धूर आला. बघतो तर तांब्याचा बंब, लख्ख घासलेला. माळ्यावर पडलेला असायला हवा होता तो. आणि शेजारी पऱ्हाट्यांचा व्यवस्थित रचलेला भारा.

"हा कधी काढला?"

"झाले की सात-आठ महिने," आई म्हणाली. "ते सारखंच अडायलंय. तुला कितीदा फोन करायचा? तू मीटिंगात असतोस. अन् एवढं हौसेनं बसवलंस, म्हणून म्हटलं नाही."

दुखऱ्या गुडघ्यांनी माझी आई सात-आठ महिने बंब पेटवत होती, कारण तिच्या स्वतःच्या घरातलं गरम पाणी माझ्या खिशात होतं. याला मी 'काळजी' म्हणत होतो.

हे कंपनीच्या माथी मारून मोकळं होता येईल, पण बटन मीच काढलं होतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले दिवसभर युजरला काय हवं यावर वाद घालतो आणि घरी गेल्यावर युजरला विचारतसुद्धा नाही.

बरं, वाचवलं काय? १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साधारण अर्धं युनिट लागतं. दोन किलोवॅटचा गीझर ते पंधरा-सोळा मिनिटांत करतो. पाणी तापलं की आतला थर्मोस्टॅट आपोआप करंट तोडतो. गरज पडली तर पुढचा कटआउट असतोच. चालू राहिलाच तर टाकीतून झिरपणारी उष्णता तेवढी भरून काढायची. उलट माझा राउटर दहा वॅटचा धरला तर चोवीस तासांत पाव युनिट खातो. म्हणजे अर्धं युनिट तापवायचं शहाणपण शिकवायला रोज पाव युनिट! खरा शत्रू वेगळाच होता. बोअरचं जड पाणी. कॉइलवर क्षारांचा थर बसला की पाणी तापायला वेळ लागतो. तो थर वर्षातून एकदा काढून घेणं, हे कुठल्याही अ‍ॅपपेक्षा उपयोगाचं.

मित्र म्हणेल, तुझा ब्रँड फालतू होता, चांगला घे. चांगल्यांचंही ऐक. रिव्हॉल्व्ह नावाचा ३०० डॉलरचा हब होता. नेस्टने ती कंपनी घेतली आणि मे २०१६ मध्ये सेवा बंद केली. हब नुसता डबा झाला. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑनचे सर्व्हर न सांगता गेले. गूगलने ऑक्टोबर २०२५ मध्ये नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या थर्मोस्टॅटचा अ‍ॅपशी संबंध तोडला. ते निदान भिंतीवरून हाताने फिरवता येतात, एवढी अक्कल त्यात होती. माझ्यात नव्हती. आणि ज्या दिवशी आमचा बंब पेटला त्याच दुपारी अ‍ॅमेझॉनचं व्हर्जिनियातलं क्लाउड कोसळलं आणि परदेशात लोकांचे स्मार्ट पलंगसुद्धा अडले :-)

मग मी तंत्रज्ञानाच्या विरोधात आहे का? मुळीच नाही. शेतावर अण्णांनी स्वतःच्या पैशांनी, मला न विचारता विहिरीच्या मोटरला मोबाईल स्टार्टर बसवलाय. शेतीची थ्री-फेज वर्षानुवर्षं रात्री-अपरात्री यायची. अंधारात, साप-विंचवात बांधावरून जायचं कोण? स्टार्टरमध्ये सिम आहे. फोन लावला की मोटर सुरू, फेज गेला की आपोआप बंद. अ‍ॅप नाही, पासवर्ड नाही. आणि नेटवर्क गेलं तर पेटीवरची हिरवी-लाल बटनं जागच्या जागी. गरज ज्याची, त्याच्याच हातात कंट्रोल. अंबडमधलं सगळ्यात स्मार्ट यंत्र ते आहे.

म्हणून मित्रा, घ्यायचंच असेल तर चार गोष्टी बघ. भिंतीवरचं बटन आधी, फोन नंतर. शेड्यूल घरातच साठवलेलं हवं. हब हवाच असेल तर होम असिस्टंटसारखा, घरातल्या छोट्या कॉम्प्युटरवर चालणारा. इन्स्टिऑन बुडाल्यावर ज्यांचा हब असा घरचा होता त्यांचे दिवे चालू राहिले. गीझरला १६ अँपियरचाच कंट्रोल. आणि घेण्याआधी नेटची वायर उपटून बघ, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला अंघोळ करता येते का.

भाऊबीजेला वायरमन बोलावून बटन परत बसवलं. ऐंशी रुपयांचं बटन. आता आई कधी पाच वाजता दाबते, कधी सातला. मला कळत नाही, आणि कळायचं कारणही नाही. काळजी वाटली की फोन करतो. तिलाच. गीझरला नाही.

बंब अजून अंगणातच आहे. अण्णा म्हणतात, राहू दे, तुझा भरवसा नाही.