खारपाणपट्ट्याचे शहाणपण आणि बाजाराचे माप

पूर्णेच्या दोन्ही काठांवर अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेली सुमारे नऊशे गावे खारपाणपट्ट्यात मोडतात. येथील भूगर्भातील पाणी खारे, जमीन खोल काळी व निचऱ्यास मंद. विहिरीचे पाणी पिकास दिले म्हणजे त्यातील सोडियम मातीत साचते, माती चोपण होते आणि पुढे पावसाचे पाणीही तीत मुरेनासे होते. पाणी हाताशी असून ते न वापरण्याचा संयम येथल्या शेतकऱ्याने अनुभवाने शिकून घेतला. ही गोष्ट ओलिताचे आकडे मोजणाऱ्या आपल्या नियोजनकारांस अद्याप पुरती उमगलेली दिसत नाही.

त्या संयमाभोवती एक शेतीपद्धती उभी राहिली. सखल शिवारात खरिपात पाणी साचते, म्हणून रान मोकळे ठेवायचे, वखराच्या पाळ्या घालून तण मारायचे, भेगा बुजवून ओल धरायची आणि त्या ओलीवर हरभरा घ्यायचा. निचऱ्याच्या रानात देशी कापूस. त्याचे सोटमूळ खोल जाते, रसशोषक किडींचा उपद्रव कमी होतो आणि फवारणीचा खर्च बेताचा राहतो. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडचा जो कापूस ‘ऊमरा’ म्हणून ओळखला जाई, तो याच देशी जातींचा. उमरावती या नावाचेच ते व्यापारी रूप.

मग हे पीक मागे का पडले? शेतकरी अडाणी निघाला म्हणून खचित नव्हे. देशी कापसाचा धागा आखूड. हमीभाव जाहीर होतो तो मध्यम व लांब धाग्याचा. १९७० मध्ये संकरित ‘एच-४’ आला, २००२ मध्ये बीटी वाणांस परवानगी मिळाली, आणि बियाण्याचा व्यापार तिकडे वळला. संकरित बियाणे दरसाल विकत घ्यावे लागते, देशी बियाणे घरी राखता येते. त्यात कोणा विक्रेत्यास रस वाटावा? माती राखण्याचा लाभ पुढच्या पिढ्यांना मिळतो, तोशीस मात्र आजच्या एकट्या शेतकऱ्याला सोसावी लागते.

जुने ते सारे सोने, असे मुळीच नाही. निव्वळ कोरडवाहू उत्पन्नावर मुलांची शिक्षणे होत नाहीत. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या पट्ट्यासाठी शेततळ्यांचा समावेश झाला, तो योग्यच. पावसाचे गोडे पाणी साठवून ऐन गरजेच्या वेळी पिकास देणे जुन्या अनुभवाला धरूनच आहे. परंतु अनुदानाची विहीर वा पंप मंजूर करण्यापूर्वी पाण्यातील क्षार तपासले जावेत आणि गावातील जाणत्यांना विचारले जावे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने देशी कापसाचे सुधारित वाण दिलेले आहेत. त्यांचे बियाणे मुबलक मिळावे व आखूड धाग्यास स्वतंत्र हमीभाव असावा. रुग्णालयांत लागणाऱ्या शोषक कापसास हाच आखूड, जाड धागा मानवतो. तेव्हा या मालाला गिऱ्हाईक नाही, ही सबब शासनाला पुढे करता येणार नाही.