दूर्वा की हरळी?

मृगाच्या सरी पडून गेल्या की आदिलाबादेस आमच्या परसात जे उगवते, त्यात आम्ही पेरलेले फार थोडे असते. यंदा मजूर लावून ते साफ करविले. दुपारी शेजारच्या तेलुगू बाई कुंपणापाशी आल्या आणि ढिगातून जाड, रसाळ पानांच्या काड्या निवडू लागल्या. “गंगवायली टाकून देता?” त्यांनी विचारले. पाहतो तो आई डाळीत घालीत असे ती घोळ! हैदराबादेत हिलाच कुलफा म्हणतात. तीन भाषांनी जिला नाव दिले, ती भाजी आम्ही तण म्हणून उपटली होती.

तण ही वनस्पतीची जात नव्हे. तो आपला निवाडा आहे. शेतात हरळी म्हणून जिला आपण शिव्या देतो, तिच्याच एकवीस दूर्वा गणपतीला वाहतो. कुंपणाचा आघाडा श्रावण-भाद्रपदात पूजेच्या पत्रीत जाऊन बसतो. ऋषिपंचमीस बैलाच्या कष्टाचे खावयाचे नाही, या नेमामागील श्रद्धा कोणी मानो वा न मानो. त्या निमित्ताने घरातील पोरींना न नांगरता आलेला पाला ओळखता येई, हे खरे. आता ऋषीची भाजीही बाजारातून जुडी बांधून येते आणि ओळख तेवढी मागे राहते.

म्हणून सारेच राखावे, असे मात्र नव्हे. लव्हाळ्याची गाठ जमिनीत राहिली की तो पुन्हा फुटतो. 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आलेले गाजरगवत आज सर्वत्र आहे. त्याने अंगाला खाज सुटते, दम्याचाही त्रास होतो. ते फुलण्यापूर्वीच, हात झाकून, मुळासकट काढावे. येथे दया नको.

परंतु हा विवेक खुरप्याला असतो, फवाऱ्याला नसतो. आमच्या या कापसाच्या मुलखात मजुरी परवडत नाही म्हणून शेतकरी तणनाशकाकडे वळतो. त्याला दोष देणे सोपे आहे. 2018 साली तेलंगण सरकारला ग्लायफोसेटवर निर्बंध घालावे लागले, यावरून प्रश्न केवढा आहे ते कळते. पण चार हात परसाला ती सबब कोठे आहे? तेथे निदान उपटण्यापूर्वी शेजारच्या म्हातारीला रोपाचे नाव विचारावे. नाव सांगणारी गेली, की भाजीचेही तणच होते.