जुना माऊस

वार्षिक परीक्षा संपली की शाळेची कपाटे रिकामी केली जातात. नको असलेले सामान व्हरांड्यात येते आणि भंगारवाला बोलावला जातो. मुलांनो, आपले आकुर्डी हे कारखान्यांचे गाव. येथे भंगाराला तोटा नाही आणि भंगार विकत घेणाऱ्यांनाही नाही. अशाच एका ढिगात मला एक जुना संगणक दिसला. "वजनावर किती येतील?" अशी चर्चा चालली होती. मी म्हणालो, "आठ दिवस थांबा."

का थांबा म्हणालो, ते तुम्हांला सांगतो.

संगणक चालू केला. पडदा उजळला. त्यात विंडोज ९५ होते, म्हणजे १९९५ साली निघालेले. पण पडद्यावरचा बाण जागचा हलेना, कारण माऊसच नव्हता. आठवीतल्या एका मुलाने घरून जुना माऊस आणला. त्याच्या शेपटीला गोल, सहा पिनांचा प्लग होता. संगणकाला मात्र नऊ पिनांची जागा होती. बाजारातून एक कन्व्हर्टर आणला. तो अगदी घट्ट बसला. तरी बाण हलला नाही. मुले हिरमुसली.

असे का झाले? कन्व्हर्टरने फक्त प्लगचा आकार बदलतो, बोली बदलत नाही. गोल प्लगच्या माऊसला ठोका देणारी एक वेगळी तार असते. त्या ठोक्यावर तो आपला निरोप पाठवतो. नऊ पिनांच्या माऊसला अशी तार नसते. तेथे वेग आधीच ठरलेला असतो, सेकंदाला १२०० बिट. उर्दू बोलणाऱ्या माणसाच्या डोक्यावर पुणेरी पगडी ठेवली, म्हणून तो लगेच मराठी बोलू लागेल का? मराठी शिकावी लागते. तुम्ही या पुस्तकातून तेच करीत आहात! काही माऊस दोन्ही बोली जाणतात. असा कन्व्हर्टर फक्त त्यांनाच चालतो.

मग एका रविवारी मी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. तेथे नऊ पिनांचा माऊस मिळाला. या वेळी संगणक बंद करून माऊस जोडला आणि नंतर संगणक चालू केला. हा क्रम महत्त्वाचा आहे. चालू होताना संगणक त्या तारांवरूनच माऊसला थोडी वीज पुरवतो. वीज मिळताच माऊस 'एम' हे एकच अक्षर पाठवतो. ही त्याची हजेरी. हजेरीच्या वेळी जो वर्गात नाही, तो नंतर आला तरी संगणक त्याला ओळखत नाही.

बाण हलला, पण वरखालीच. आडवा जाईना. तेव्हा नववीतली एक मुलगी पुढे आली. तिने माऊस उलटा केला, तळाची चकती फिरवून काढली आणि आतली रबरी, जड गोटी हातात घेतली. आत दोन बारीक रूळ होते. त्यांतल्या एकावर मळाचा जाड थर बसला होता. तिने स्पिरिटमध्ये बोळा बुडवून तो पुसला. बाण सरळ आडवा धावला!

ती म्हणाली, "सर, हे तर अब्बांच्या मशीनसारखे आहे." तिचे वडील चाकणला सीएनसी मशीनवर काम करतात. तिचे म्हणणे बरोबर होते. प्रत्येक रुळाच्या टोकाला फटी असलेले एक चाक असते. फटींतून प्रकाश जातो, अडतो, पुन्हा जातो. चाक किती फिरले, ते त्यावरून मोजले जाते. प्रकाश टिपणारे डोळे दोन असतात. आधी कोणत्या डोळ्याला उजेड दिसला, त्यावरून चाक कोणत्या दिशेने फिरले ते कळते. सीएनसी मशीनच्या मोटरीचे फिरणेही अशाच युक्तीने मोजतात.

अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी १९६४ साली पहिला माऊस केला. तो लाकडी होता आणि त्याच्या पोटाखाली काटकोनात दोन चाके होती. आज आपण वापरतो तो यूएसबी प्लग १९९६ साली आला. त्याच्या शिल्पकारांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट हे एक होते.

माझे एक सहकारी म्हणाले, "आता मोबाइलचे दिवस आहेत. हे जुने खोके काय कामाचे?" त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. या संगणकावर तुम्हांला आजचे इंटरनेट दिसणार नाही, आणि तो वीजही जास्त खातो. पण आजचा माऊस उघडून पाहा. आत एक दिवा आणि एक काळी चिप. आत काय चालले आहे, ते डोळ्यांना कळत नाही. जुन्या माऊसमध्ये सगळे काही दिसते, फिरते आणि बोटांनी दुरुस्तही होते. म्हणून माझे मत असे, की प्रत्येक शाळेने असे एक तरी यंत्र मुलांसाठी राखून ठेवावे. ते अगदीच निकामी झाले, तर वजनावर विकू नये, मान्यताप्राप्त ई-कचरा केंद्राकडे द्यावे.

एक गोष्ट मात्र बजावतो. मॉनिटर कधीही उघडू नका. संगणक बंद केला तरी त्याच्या काचेच्या नळीत हजारो व्होल्ट शिल्लक असू शकतात. तेथे माझी परवानगी मागूच नका.

सध्या तो संगणक ग्रंथालयाच्या कोपऱ्यात आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर कोणीही यावे. येताना कापूस आणा, आणि गोटी खाली पाडू नका. मागच्या वेळी ती पुस्तकांच्या कपाटाखाली गेली होती, आणि अख्खे कपाट हलवावे लागले.