अडाणी कोण?

दिवाळीचे चार दिवस सरले की आमच्या अर्धापुरात दवाखान्याच्या बाकावर दोन तऱ्हेचे रोगी दिसतात: फराळाने पोट बिघडलेले आणि थंडीने नाक वाहणारे. मागणे मात्र दोघांचेही एकच. "डॉक्टरसाहेब, भारी गोळी द्या, उद्या केळीची गाडी भरायचीय."

यावर आमच्या व्यवसायातली शहाणी मंडळी परिषदांतून उसासे टाकतात. लोक अडाणी, म्हणून प्रतिजैविकांचा असा सत्यानाश झाला म्हणे! संसर्गजन्य रोगांच्या मागे उमेदीची सारी वर्षे घालवलेला मी एक डॉक्टर. मी म्हणतो, हे साफ खोटे आहे.

२०१७ साली मराठवाड्यातल्या कपाशीवर गुलाबी बोंडअळी तुटून पडली. बीटी कपाशीच्या झाडातच अळीला मारणारे विष असते; तरी ती मेली नाही. का, ते मला एका शेतकऱ्याने याच बाकावर बसून सांगितले. "सायेब, दरसाल तेच इख. मरायच्या त्या मेल्या. उरल्या त्याहिचीच पिलावळ माजली." पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल व्याख्यानात जंतूंविषयी हीच धास्ती बोलून दाखवली होती. अपुरी मात्रा घ्याल, तर जंतूच औषधाला पुरून उरतील. (दोष मात्र त्यानेही अडाणी माणसाच्याच पदरी घातला!)

आता शहाण्यांकडे वळू. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ च्या अखेरीस चार क्षयरोग्यांची हकीकत जगापुढे मांडली. तपासलेले एकही औषध त्यांच्या जंतूंना लागू पडत नव्हते. याच मंडळींनी धारावीतल्या १०६ खासगी डॉक्टरांना औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या एका कल्पित रोग्यासाठी चिठ्ठी लिहायला सांगितली होती. बिनचूक लिहिणारे निघाले अगदी मोजके. त्या १०६ जणांत अडाणी एकही नव्हता; सर्वांच्या दारावर पाट्या होत्या.

पाटी माझ्याही दारावर आहे. साध्या सर्दीवर प्रतिजैविकाचा तिळमात्र उपयोग नाही, हे ठाऊक असून मीही एके काळी ते देत होतो. न द्यावे, तर रोगी समोरच्या दवाखान्यात जाणार, आणि "याच्या हाताला गुण नाही" अशी बोलवा होणार. मग ऐन हळद शिजवण्याच्या दिवसांत एक बाई लघवीची जळजळ घेऊन आली. तपासणीच्या कागदावर बारा औषधांची नावे होती. दहांपुढे 'आर' हे अक्षर. तिने विचारले, "हे काय?" मी म्हणालो, "ही औषधे आता चालायची नाहीत." चार गोळ्यांच्या दुखण्यासाठी तिला नांदेडला आठ दिवस शिरेतून औषध घ्यावे लागले. त्या दहांतली तीन माझ्याच जुन्या चिठ्ठ्यांवर होती. तिने त्या जपून पिशवीत ठेवल्या होत्या.

आता भारी गोळी मागणाऱ्याला मी एवढेच विचारतो, "बोंडअळी आठवते का?" पुष्कळजण समजून हसतात आणि मीठ-साखरेचे पाणी पिऊन बरे होतात. काही उठून समोर जातात. त्यांच्यावर मी रागावत नाही. समोर जो बसला आहे, त्याच्यावर रागावतो.