अर्धा संशय

ऑक्टोबर १८९६मध्ये हजारभर गिरणी कामगार मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर चालून गेले. प्लेगच्या नावाखाली माणसं नेतात, मारतात, त्यांच्या शरीरातून मोमियाई नावाचं औषधी तेल काढतात, अशी अफवा होती. अडाणी म्हणून आपण त्यांना हसतो. पण त्यांच्या खोल्यांत सरकारी माणसं खरोखरच शिरत होती, आजाऱ्याला उचलून नेत होती. त्यांच्या भीतीला कारण होतं.

तुम्हाला कसली भीती आहे? पदवीधर, पेन्शनर तुम्ही. आणि सकाळी सहाला घरच्या ग्रुपवर टाकता, ‘हे डॉक्टर तुम्हाला कधीच सांगणार नाहीत! मधुमेह हा फार्मा लॉबीचा धंदा आहे.’ खाली ‘जनहितार्थ’.

कट प्रॅक्टिस आहे, मान्य. तपासणीच्या चिठ्ठीमागे कमिशन असतं, नको ती शस्त्रक्रिया गळ्यात मारली जाते. त्या रागावरच चमत्कारी उपचारांचा हा बाजार पोसलाय. पण तुमचा संशय अर्ध्यावरच का थांबतो? डॉक्टरचं कमिशन दिसतं, आणि ‘मधुमेहमुक्ती’च्या शिबिराच्या दारात टेबल मांडून रसाच्या बाटल्या विकणाऱ्याचा नफा दिसत नाही? इन्शुलिनच्या संशोधकांनी १९२३ साली पेटंटचे हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. पुढे कंपन्यांनी त्यावर वाट्टेल तेवढं कमावलं, हेही खरंच. म्हणून टाइप वन मधुमेह असलेल्या पोराचं इन्शुलिन बंद करून बघणार? काही दिवसांत रक्तात आम्ल साचून ते दगावू शकतं.

मधुमेह, कॅन्सर बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४च्या कायद्याने बंदी आहे. कायदा तरी काय करील? जाहिरात आता मामांच्या फॉरवर्डमधून येते, आणि मामांना उलट विचारायचं नाही हे आपण पोरांच्या अंगी लहानपणीच बाणवलेलं. मोठ्यांना शिकवायचं कुणी? ज्येष्ठ नागरिक संघात भजनाला, सहलीच्या बैठकीला वेळ असतो. एक तास असे दावे तपासायला द्या. साखर ‘गेली’ म्हणणाऱ्याकडे आधीचा आणि नंतरचा एचबीएवनसी, म्हणजे काही महिन्यांची सरासरी साखर सांगणारा, रिपोर्ट मागा. गोळ्या चालू होत्या का, विचारा. शिबिरातल्या किती जणांची साखर गेली नाही, तेही विचारा. ‘गुण आला नाही म्हणजे तुमचंच पथ्य चुकलं’ असं उत्तर आलं, तर मग औषध कुचकामी आहे हे कधी आणि कशावरून कळायचं, तेवढं विचारा.

असं विचारणारी एखादी सून निघतेही. तिला ‘आपल्या संस्कृतीचा अभिमानच नाही तुला’ म्हणून आपण गप्प बसवतो, आणि रस विकणाऱ्याला शाल-श्रीफळ देतो.