दार बंद आहे, हे कुणी सांगितलं?

"तिथं आपल्याला कोण घेणार?" परळ-लालबागच्या कॉमर्सच्या मुलांच्या तोंडी हे वाक्य इतकं रुळलंय की ते तपासून पाहायच्या भानगडीत कुणी पडत नाही. १९८२च्या गिरणी संपात ज्या घरांची रया गेली, त्यांचीच नातवंडं आज गिरण्यांच्या जागेवर उभ्या राहिलेल्या वित्त कंपन्यांसमोरून रोज जातात. आतली खुर्ची आपली नव्हे, हे त्यांनी मनोमन ठरवून टाकलेलं असतं.

म्हणे आयआयएमचा शिक्का लागतो. मोठ्या परदेशी बँकांपुरतं हे बरंचसं खरं आहे. पण कंपन्यांचे आयपीओ बाजारात आणणाऱ्या दहा-पंधरा माणसांच्या मर्चंट बँकेला त्या शिक्क्याचा पगार परवडत नाही. तिला सीए, आर्टिकलशिप केलेला, किंवा ताळेबंद खरोखर वाचता येणारा पदवीधर चालतो. लहान कंपन्यांसाठी २०१२ साली शेअर बाजारांनी वेगळा मंच काढला. तिथल्या आयपीओत किमान १५ टक्क्यांची हमी मर्चंट बँकरला स्वतःच्या खात्यावर घ्यावी लागते. शेअर खपले नाहीत तर पैसे त्याचे अडकतात. अशा माणसाला कंपनीचा नफा वाढतोय पण उधारी त्याहून वेगानं फुगतेय, हे बोट ठेवून दाखवणारा मुलगा हवा असतो. त्याचं कॉलेज कुठलं, हा नंतरचा प्रश्न.

दुसरं म्हणणं ओळख लागते असं, आणि ते मी उडवून लावणार नाही. लहान संस्था कॅम्पसवर येत नाहीत, ओळखीपाळखीतून माणूस शोधतात. पण नोंदणीकृत मर्चंट बँकर्सची यादी बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या संकेतस्थळावर आहे. प्रत्येक आयपीओच्या मसुद्याच्या मुखपृष्ठावर बँकरचा पत्ता आणि संपर्कासाठी नेमलेल्या व्यक्तीचं नाव छापलेलं असतं. तो चारशे पानी मसुदा वाचा. संचालकांच्या नातेवाइकांशी झालेले व्यवहार, येणी, रोख प्रवाह यांवर दोन पानांचं टिपण करा आणि अर्जाला जोडा. नुसत्या बायोडेटापेक्षा ते टिपण आधी वाचलं जाईल. सेबीच्याच एनआयएसएम या संस्थेची मर्चंट बँकिंगची परीक्षाही द्या.

"लहान ठिकाणी शिकायला काय मिळणार?" असंही विचारतात. उलट तिथंच जास्त मिळतं. कारखान्याला भेट, कागदपत्रांची छाननी, मसुदा, बाजाराच्या शंकांना उत्तरं, सगळं एकाच माणसाच्या हातून जातं. मोठ्या बँकेतला नवशिका तेवढ्या काळात सादरीकरणाच्या स्लाइड रंगवत बसलेला असतो.

मात्र प्रत्येक लहान पेढी चांगली नसते. रुजू होण्याआधी तिच्यावर सेबीनं कारवाई केलीय का, ते आदेश वाचून पाहा. महिनोन्महिने फुकट राबवणाऱ्याला सरळ नकार द्या.

डिमॅटची व्यवस्था उभी करणाऱ्या एनएसडीएलचं कार्यालय याच भागातल्या कमला मिलच्या आवारात अनेक वर्षं होतं. एनएसडीएलचे पहिले व्यवस्थापकीय संचालक चंद्रशेखर भावे पुढं सेबीचे अध्यक्ष झाले. हे क्षेत्र मराठी माणसाचं नाहीच, असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी आठवावं.

पेढ्यांच्या मालकांनाही सांगणं आहे. तुमच्याकडची रिकामी जागा परळच्याच महर्षी दयानंद महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लावा, चाचणी घ्या, आणि निकालावर माणूस निवडा.